चिनी लोकगीत पियानोवर बसवताना: डाव्या हाताने काय करायचं?

चिनी लोकगीत पियानोवर बसवायला घेतलं की चाल उजव्या हातात चटकन येते. स्वर पाच, उड्या फारशा लांब नाहीत, ताल सरळ. मग डाव्या हाताची पाळी येते आणि गाणं बिघडतं. बोटं सवयीने सी, एफ आणि जी-सेव्हन या तीन कॉर्डवर जातात आणि यांगत्सेच्या मुलखातलं गाणं नाताळच्या कॅरोलसारखं ऐकू येऊ लागतं. दुसरी तऱ्हा याच्या उलट. दोन्ही हात काळ्या पट्ट्यांवर ठेवायचे, वर-खाली फिरवायचे आणि ‘चायनीज इफेक्ट’ म्हणून मोकळं व्हायचं. कीबोर्डमधल्या तयार ‘स्टाइल’ही बहुधा याच वळणाच्या असतात.

दोन्हींत गोम एकच. गाणं शेवटी कुठल्या स्वरावर विसावतं हे न पाहताच त्याला आधार दिलेला असतो. म्हणून पुढच्या मजकुरात डाव्या हाताला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. बाकीच्या पायऱ्या लागतातच, पण त्या लवकर उरकतात.

तुम्हाला पेटी किंवा कीबोर्ड थोडाफार येत असावा, दोन्ही हात सावकाश का होईना एकत्र चालत असावेत, आणि भूप-दुर्गा कानाने ओळखता येत असावेत, एवढं गृहीत धरलं आहे. पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

गाणं कोणतं घ्यावं

हान लोकांच्या लोकगीतांचे चिनी अभ्यासक ढोबळमानाने तीन गट करतात. पहिला हावझी, म्हणजे श्रमगीतं: नाव ओढणारे, ओझी वाहणारे, एकाने पुढे म्हणायचं आणि बाकीच्यांनी जोर लावत साथ द्यायची. दुसरा शानग, म्हणजे डोंगरातली मोकळी गाणी: लांब हाका, सैल ताल. तिसरा श्यावद्याव, म्हणजे गावा-शहरांतली, ठरलेल्या मापाची, कडव्यांमागून कडवी येणारी गाणी.

सुरुवात तिसऱ्या गटापासून करा. शानग कागदावर सोपं दिसतं आणि पियानोवर दमवतं, कारण गायक जो स्वर फुगवत फुगवत लांबवतो तो पियानोवर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. ती अडचण सोडवायचे मार्ग आहेत, पण पहिल्याच गाण्यात त्यात पडू नये.

मी इथे ‘मो ली ह्वा’ घेतो, मोगऱ्याच्या जातीच्या फुलावरचं जियांगसू प्रांताच्या वळणाचं गाणं. हबे प्रांतात आणि ईशान्य चीनमध्ये याच नावाची वेगळ्या वळणाची गाणी आहेत, त्यामुळे रेकॉर्डिंग शोधताना गोंधळू नका. जियांगसूची चाल सगळ्यात जास्त फिरली. १७९३ मध्ये लॉर्ड मॅकार्टनी यांच्या ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर चीनला गेलेल्या जॉन बॅरो यांनी १८०४ साली आपल्या प्रवासवर्णनात ती छापली. आणि छापताना तक्रारही नोंदवली, की आधी ही चाल छापली गेली तेव्हा तिला पुढे-मागे तुकडे आणि युरोपीय साथ जोडून तिचं मूळ रूपच घालवलं होतं, म्हणून मी ती नुसती देतो आहे. डाव्या हाताचं भांडण असं सव्वादोनशे वर्षांचं आहे! पुढे पुच्चिनी यांनी हीच चाल ‘तुरांदोत’ या ऑपेरात, पहिल्या अंकातल्या मुलांच्या कोरसला दिली. १९२६ मध्ये मिलानच्या ला स्काला थिएटरात त्याचा पहिला प्रयोग झाला.

व्हिडिओ करून टाकायचा असेल तर एक खबरदारी घ्या. ‘चिनी लोकगीत’ म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच चालींना विसाव्या शतकातला संगीतकार आहे. हुनानमधलं लिऊयांग नदीवरचं प्रसिद्ध गाणं त्यातलंच. वायव्येकडच्या मुलखातल्या चाली गोळा करून, घडवून लोकप्रिय करणारे वांग लुओबिन १९९६ मध्ये वारले. चीनमध्ये रचनेचा कॉपीराइट मृत्यूनंतर ५० वर्षं टिकतो, भारतात ६० वर्षं. ‘मो ली ह्वा’च्या चालीबद्दल हा प्रश्न येत नाही, मात्र दुसऱ्या कोणी केलेली तिची पियानो-मांडणी जशीच्या तशी उचलली तर तिथे येतो.

चाल कागदावर: आकड्यांची स्वरलिपी

चिनी लोकगीतांची पुस्तकं बहुतेक जियानपू या आकडी लिपीत असतात. भातखंडे स्वरलिपी पाहिलेल्याला ती एका बैठकीत वाचता येते. १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, असं ७ म्हणजे नी पर्यंत. तार सप्तकाला आकड्याच्या डोक्यावर टिंब, मंद्राला पायाशी टिंब, आपल्यासारखंच. आडवी रेघ पुढे आली की स्वर लांबवायचा, आकड्याच्या खाली रेघ आली की निम्मी मात्रा, शून्य म्हणजे विश्रांती. पानाच्या डोक्यावर ‘१=डी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे सा कुठे धरायचा ते. रोमन अक्षर एवढंच काय ते नवं.

पहिल्यांदा सा पांढरी एकवर, म्हणजे सी-वर धरा. जियानपूचा आकडा आणि पेटीच्या पांढरीचा आकडा मग एकच होतो. ५ लिहिलंय, पांढरी पाच दाबा. काम भागलं.

‘मो ली ह्वा’ची सुरुवात आपल्या अक्षरांत अशी. चार मात्रांचा एक खण, जोडून लिहिलेले स्वर एका मात्रेत:

ग गप धसां सांध | प पध प –

हीच ओळ पुन्हा येते. मग ‘प प प गप | ध ध प –’, मग ‘ग रेग प गरे | सा सारे सा –’, मग ‘गरे साग’पासून सुरू होणारी आणखी एक ओळ. आणि शेवट असा:

रे गप रेग साध़ | प़ – ध़ सा | रे –ग सारे साध़ | प़ – – –

वेगवेगळ्या प्रतींत एखादा कण, एखादी मात्रा इकडेतिकडे सापडेल. सर्वांत रूढ रूप हे आहे.

हात लावण्याआधी ही चाल ‘आ’कारात म्हणून बघा. सहाव्या ओळीच्या शेवटी मंद्र पंचमावर येऊन गाणं संपेल असं वाटतं, पण त्याच श्वासात ‘ध़ सा’ म्हणत ते पुढच्या ओळीत शिरतं. गायक इथे थांबत नाहीत. पियानोवाले मात्र हमखास थांबतात, कारण नव्या खणाच्या पहिल्या मात्रेवर लांब स्वर दिसतो. दुसरी ओळ जिथे संपते त्याच पंचमावर तिसरी सुरू होते, तेही ध्यानात घ्या. मागच्या ओळीचा शेवटचा स्वर पुढच्या ओळीने उचलायचा, या रीतीला चिनी संगीतकार ‘माशाने शेपूट धरणं’ म्हणतात. असे सांधे पेडल उचलून तोडायचे नाहीत.

गाण्याचं घर शोधा

आता मुद्द्याचं. चिनी पंचस्वरांची नावं गोंग, शांग, ज्युए, झी, यू. आपल्या हिशेबाने सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे स्वर. पण गाणं सा वरच संपलं पाहिजे असं नाही. पाचांपैकी कुठलाही स्वर घर होऊ शकतो, आणि घर बदललं की त्याच पाच पट्ट्यांचा रंग पार पालटतो. आपल्याकडे मूर्च्छना किंवा षड्जचालन म्हणून जे करून दाखवतात तेच हे.

हे हातांना कळण्यासाठी पियानोच्या फक्त काळ्या पट्ट्या घ्या. काळी तीनला सा मानून पाच काळ्या ओळीने वाजवल्या की भूप ऐकू येतो, हा गोंग प्रकार. काळी चारला सा माना, मधमाद सारंगाचे स्वर मिळतात, हा शांग. काळी पाचपासून मालकंस, ज्युए. काळी एकपासून दुर्गा, झी. काळी दोनपासून धानी, यू. प्रत्येक वेळी डाव्या हाताने त्या त्या सा चा स्वर खाली धरून ठेवा आणि उजव्याने सावकाश फिरा. घरचा स्वर खाली वाजत असला की कान आपोआप वळतो. तो काढून टाका आणि खाली दुसरा धरा, वरचे तेच स्वर वेगळे वाटू लागतील.

हे साम्य स्वरांपुरतंच आहे, बरं का. चिनी गाण्याला दुर्गाचं चलन नसतं, ना वादी-संवादी. झी प्रकारातलं गाणं दुर्गासारखं आळवायला गेलात तर ते ना इकडचं राहतं ना तिकडचं. राग इथे फक्त घर ओळखण्यापुरता वापरायचा.

‘मो ली ह्वा’ कुठे संपतं? मंद्र पंचमावर. म्हणजे घर प, प्रकार झी. चौथी ओळ सा वर उतरते खरी, तो मधला मुक्काम. कॅरोलचा वास येतो तो याच ठिकाणाहून. सी-चा सा दिसला की आपण गाणं ‘सी मेजर’ ठरवून टाकतो, आणि शेवटच्या पंचमाखाली सी-ची कॉर्ड ठेवतो. घरी पोचलेला स्वर मग कुणा दुसऱ्याचा पंचम होऊन लोंबकळत राहतो.

डावा हात

एक साधा हिशेब करू. सा रे ग प ध या पाचांत तीन स्वरांची नेहमीची कॉर्ड किती बनतात? दोनच: सा-ग-प आणि ध-सा-ग. एफ-ची कॉर्ड हवी तर म आणावा लागतो, जी-ची हवी तर नी. सवयीच्या तीन कॉर्डपैकी दोन गाण्याच्या बाहेरून येतात. त्यातही जी-सेव्हनमध्ये म आणि नी एकत्र असतात आणि ती जोडी सा कडे जोरात ओढते. या पाच स्वरांत कुठेही अर्ध्या स्वराचं अंतर नाही, त्यामुळे चालीत अशी ओढ मुळातच नाही. ती आपण डाव्या हाताने आत घुसवतो.

मग काय वाजवायचं? मी नवशिक्याला तीन टप्प्यांत जायला सांगेन.

पहिल्या टप्प्यात फक्त पंचम-जोड्या. सा-प, रे-ध, प़-रे, ध़-ग. मधला स्वर भरायचा नाही. एका खणाला एक किंवा दोन जोड्या पुरतात. पहिल्या खणाखाली सा-प धरा, दुसऱ्या खणात चाल पंचमावर लांबते तिथे प़-रे. चौथ्या ओळीत ‘ग रेग प गरे’ खाली ध़-ग आणि ‘सा सारे सा’ खाली सा-प. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला हे लगेच पटतं. एका पंचम-जोडीवरून दुसरीवर सरकत जायला पाश्चात्त्य हार्मनीच्या परीक्षेत मनाई असते, गुण जातात. गोव्यात, मुंबईत, पुण्यात त्या परीक्षा देऊन आलेल्यांचा हात इथे अडखळतो. अडखळू देऊ नका. तो नियम दुसऱ्या संगीतासाठी केलेला आहे.

दुसऱ्या टप्प्यात जोडीत एक शेजारी घाला. प-सा-रे, रे-प-ध, सा-रे-प. यांत ‘ग’ची गोडी नसते, त्यामुळे मेजर-मायनर असा शिक्का बसत नाही. चिनी संगीतकारांनी विसाव्या शतकात या प्रश्नावर बरंच डोकं चालवलं. ली यिंगहाय यांनी हान संगीतातले प्रकार आणि त्यांना साजेशी हार्मनी यांवर १९५९ मध्ये अख्खं पुस्तक काढलं. त्यांनी आणि इतरांनी वापरलेली एक सरळ युक्ती अशी: जे स्वर चालीत आडवे एकामागून एक येतात तेच उभे रचून कॉर्ड करायची. चालीत ‘प ध सां’ आहे ना, मग खाली प-ध-सा एकत्र ठेवून बघा. सुरुवातीला कानाला किंचित टोचेल. फार खाली, जाड आवाजात वाजवली तर चिखल होईल. मधल्या सी-च्या आसपास हलक्या हाताने वाजवली की बसते.

तिसरा टप्पा माझ्या सर्वांत आवडीचा: कॉर्ड सोडून डाव्या हाताला स्वतःची चाल देणं. याचा नमुना चिनी संगीतकार हे लुटिंग (‘हे’ हे त्यांचं आडनाव) यांनी १९३४ मध्ये घालून दिला. रशियन संगीतकार अलेक्झांडर चेरेपनिन यांनी शांघायमध्ये चिनी वळणाच्या पियानो-रचनांसाठी स्पर्धा ठेवली होती, तिचं पहिलं बक्षीस लुटिंग यांच्या गुराख्याच्या बासरीवरच्या रचनेला मिळालं. ती लोकगीताची मांडणी नाही, चाल त्यांची स्वतःचीच आहे, पण शिकायचं आहे ते तिथेच. पहिल्या भागात दोनच आवाज आहेत, एक उजव्या हातात, एक डाव्या. उजवा लांब स्वरावर थांबला की डावा चालायला लागतो, डावा थांबला की उजवा. कॉर्ड जवळजवळ नाहीतच, तरी रिकामं कुठे वाटत नाही.

‘मो ली ह्वा’त हे करून बघायला जागा तयारच आहे. दुसऱ्या खणाच्या शेवटी उजवा हात पंचमावर दोन मात्रा बसलेला असतो. त्या दोन मात्रांत डाव्याने अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे ‘रे ग रे सा’ वाजवा. वरचा पंचम हलत नाही, खाली ओघ चालू राहतो, आणि पुढच्या ओळीत अलगद पाऊल पडतं. असे थांबे या गाण्यात ओळीगणिक आहेत. सगळे भरू नका, दोन-तीन मोकळे सोडा.

शेवटचे दोन खण, जवळून

मांडणी जमली की फसली हे शेवटावर कळतं, म्हणून तो सावकाश बघू. शेवटून दुसरा खण: रे –ग सारे साध़. डाव्या हातात पहिल्या दोन मात्रा रे-ध ही पंचम-जोडी, पुढच्या दोन मात्रा सा-प. शेवटच्या खणात चाल मंद्र पंचमावर उतरली की डावा त्याहून एक सप्तक खाली, प-रे या जोडीवर. रे-ध, सा-प, मग खोल प-रे. सा-प वरून प-रे वर येताना जी उतरण ऐकू येते ती शांत आहे, तिच्यात ‘जी-सेव्हन ते सी’ची ओढाताण नाही.

आता मुद्दाम उलटं करून बघा. शेवटच्या खणात प-रे ऐवजी सा-ग-प ठेवा. गाणं अर्ध्या वाक्यावर थांबल्यासारखं वाटेल. मग जी-ची पूर्ण कॉर्ड, प-नी-रे, ठेवून बघा. यात घर बरोबर आहे, पण नी मध्येच चमकतो, कारण अख्ख्या गाण्यात तो कुठे आलेला नाही. तिन्ही शेवट पाठोपाठ वाजवून स्वतःच्या कानाने निवडा. मला प-रे वर थोडा वेळ थांबून, वरच्या सप्तकात हळूच एक ध ठेवलेला आवडतो. प, रे, ध हे एकावर एक रचलेले पंचमच आहेत, त्यामुळे तो पाहुणा वाटत नाही.

काही गाण्यांत म किंवा नी जाता जाता लागतात. चिनी शास्त्रात हे दुय्यम स्वर मानले आहेत. चालीत आले तर तसेच जाता जाता वाजवा, त्यांच्यावर कॉर्ड उभारू नका. शान्शीच्या उत्तर भागातल्या गाण्यांत तर असा म किंचित चढा आणि नी किंचित उतरा लागतो, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. श्रुतींची सवय असलेल्यांना ते ऐकून लगेच कळेल आणि पियानोवर वाजवता येत नाही हेही कळेल. ती गाणी नंतरसाठी ठेवा.

बोटांत वाद्यांचा रंग

पियानोत मींड नाही. पेटीतही नाही, आणि तरी संगीत नाटकांच्या काळापासून पेटी आणि ऑर्गन वाजवणाऱ्यांनी कणांच्या जोरावर गायकाची साथ केलीच. तीच विद्या इथे कामी येते.

अरहू हे दोन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य स्वरांतून घसरत जातं. त्याचा भास हवा तर मुख्य स्वराच्या अगदी आधी खालचा शेजारी कण म्हणून लावा, पण तो पाच स्वरांतलाच हवा: ग च्या आधी रे, सां च्या आधी ध. अर्ध्या स्वराचा कण लावला तर जॅझचा वास येतो. कणावर जोर नको, बोट त्याच्यावरून घसरून पुढच्या पट्टीवर पडलं पाहिजे. पहिल्या ओळीतल्या ‘सां’ला असा एक ध-कण द्या, एकदाच. प्रत्येक लांब स्वराला कण लावत सुटलात की तो लाडिकपणा होतो.

गूझंग हे आडवं, २१ तारांचं वाद्य पाच स्वरांत लावलेलं असतं, त्यामुळे तारांवरून हात फिरवला की पंचस्वरांची लाट उठते. पियानोवर ही लाट फक्त काळ्या पट्ट्यांवर आयती मिळते. पांढऱ्यांवर नखाने ओढलंत तर म आणि नी मध्ये घुसतात. गाणं सी-मध्ये असेल तर लाट हातांनी विणावी लागते: डाव्याने सा रे ग, उजव्याने प ध सां, पुन्हा डावा हात वरून ओलांडून. किंवा अख्खं गाणं काळी तीनच्या सा वर न्या, मग मधल्या बोटाच्या नखाने हवी तेवढी लाट काढा. नवशिके या लाटेच्या प्रेमात पडतात. अख्ख्या गाण्यात दोनदा पुरे.

गूचिन या सात तारांच्या प्राचीन वाद्यावरचे काचेसारखे नाजूक स्वर हवे असतील तर चाल दोन सप्तकं वर न्या, अगदी हलकी वाजवा आणि खाली एकच पंचम-जोडी पेडलमध्ये धरून ठेवा. पीपा या तारा छेडून वाजवायच्या वाद्यावरची बोटांची थरथर म्हणजे एकाच पट्टीवर बोटं बदलत जलद पुनरावृत्ती. ‘मो ली ह्वा’ला ती शोभत नाही, बाकी गाण्यांसाठी हाताशी असू द्या.

पेडलबद्दल थोडक्यात. पाच स्वर एकमेकांत मिसळले तरी कडवट होत नाहीत, म्हणून इथे पेडल जरा सैल चालतं. खालचा आधार बदलला की मात्र बदला.

जाता जाता: पियानोची समान अंतरांवर लावलेली बारा स्वरांची जुळणी चीनला उपरी आहे असं समजू नका. मिंग घराण्यातले राजपुत्र झू झाईयू यांनी तिचं गणित १५८४ मध्येच मांडलं होतं. वापरात मात्र ते आलं नाही.

एका कडव्याचं गाणं तीन कडव्यांचं कसं करायचं

लोकगीतात शब्द बदलतात म्हणून चाल तीच राहिली तरी चालतं. पियानोवर शब्द नाहीत, तेव्हा तीच मांडणी तीनदा वाजवली तर ऐकणारा दुसऱ्या कडव्यात घड्याळ बघतो. पहिलं कडवं अगदी उघडं ठेवा, पंचम-जोड्यांवर. दुसऱ्यात चाल डाव्या हाताला द्या, मधल्या सप्तकात, आणि उजव्याने वर हलके तुषार उडवा. तिसऱ्यात चालीलाच फुलवा: जिथे ‘ग – प’ आहे तिथे ‘गरे गप’. चिनी वादक या फुलवण्याला ‘फुलं घालणं’च म्हणतात, आणि दोन वादक एकच चाल आपापल्या फुलांनी एकाच वेळी वाजवतात. तेही करता येईल: उजव्यात फुलवलेली चाल, डाव्यात साधी, दोन्ही बरोबर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामध्ये सूर बदलायची एक जुनी, सुबक चिनी युक्ती आहे. पाचांपैकी एकच स्वर बदलायचा. सी-च्या सा वर असाल तर जोडतुकड्यात प्रत्येक सा च्या जागी त्याच्या खालचा नी लावा. उरलेले चार स्वर तेच, पण सगळा साचा आता जी-च्या सा वर गेलेला असतो. परत यायचं तर नव्या सा पासून मोजलेल्या प्रत्येक ग च्या जागी म लावा, आपोआप सी-वर उतराल. मध्ये कुठलीही ‘सूर बदलतोय’ अशी घोषणा करणारी कॉर्ड लागत नाही.

कुणाचं ऐकावं

हे लुटिंग यांची १९३४ ची रचना तर ऐकाच, आणि ऐकताना फक्त डाव्या हाताच्या मागे जा. त्यानंतर वांग जियानझोंग. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी युन्नानच्या पाच लोकगीतांची मांडणी केली. १९७० च्या दशकात लिऊयांग नदीचं गाणं, गूचिनवरची प्लमच्या बहराची प्राचीन रचना असं बरंच काही पियानोवर आणलं. त्या काळात अशा मांडण्यांचं पीक आलं त्याला कारण राजकीय आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत स्वतःची नवी रचना करणं धोक्याचं होतं, पाश्चात्त्य संगीत वाजवणंही. लोकांच्या माहितीची चाल पियानोवर बसवणं त्या मानाने सुरक्षित. त्यातून जे निघालं ते आज जगभरचे पियानोवादक वाजवतात. या मांडण्या अवघड आहेत, तुमच्या-माझ्या बोटांसाठी नाहीत. पण ‘मो ली ह्वा’ स्वतः करून झाल्यावर ऐका, मग कुठे काय केलंय ते कळायला लागतं.

पुढची दोन गाणी

‘मो ली ह्वा’ बसलं की सिच्वानमधलं कांगदिंगचं प्रेमगीत घ्या. ते यू प्रकारातलं आहे, घर ध, म्हणजे धानीच्या स्वरांचं. हे दुसऱ्या क्रमांकाला सोपं पडतं, कारण ध-सा-ग ही पूर्ण कॉर्ड पाच स्वरांतच बसते. शेवटी ती ठेवली तरी बाहेरचा स्वर येत नाही. फक्त तिच्या आधी ई-सेव्हन लावायचा मोह आवरा. रे-ध वरून ध़-ग वर उतरा, झालं.

तिसरं, हात थोडा मोकळा झाल्यावर, युन्नानच्या मिदू भागातलं ओढ्याच्या वाहत्या पाण्याचं गाणं. घर पुन्हा ध, पण सुरुवातीला एक लांबलचक हाक आहे, शानगच्या धर्तीची. वर म्हटलेली विझत्या स्वराची अडचण इथे समोर येते. त्यासाठी हाकेच्या आधीच खालच्या सप्तकात ध-ग च्या पट्ट्या आवाज न करता दाबून धरा, मधल्या पेडलची सोय असेल तर त्याने अडकवा, आणि मग वरचा स्वर जोर देऊन वाजवा. खालच्या तारा मोकळ्या असल्याने त्या आपसूक गुणगुणतात आणि हाक थोडी जास्त टिकते. डिजिटल पियानोवर हे प्रत्येक मॉडेलला जमत नाही. तिथे तीच ध-ग ची जोडी अगदी हळू वाजवून पेडलमध्ये धरा, आणि मात्रा मोजू नका, स्वर विझत आला की पुढे जा.